जिच्याबद्दल शब्द दिला गेला ती

सौरभ,

तू गेल्यापासून मी सगळ्यांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य सांगू? "बरं झालं बाई, लग्न झालं नव्हतं." साताऱ्याहून मावशीनं फोनवर म्हटलं. इथल्या, चंदीगडच्या मराठी मंडळातल्या, हवाई दलातल्या साहेबांच्या बायकोनं डोळे पुसत म्हटलं. ऑफिसातली सिमरन तर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "यार, रब ने बचा लिया तुझे." कुणापासून वाचवलं, ते मी तिला विचारलं नाही, कारण ती खरंच रडत होती. पण तुला सांगते, असा संताप झाला होता की समोरचा कॉफीचा मग भिंतीवर फेकावा. माणूस मेला, आणि यांनी त्यातून माझा फायदा शोधून काढला.

आपला साखरपुडा उन्हाळ्यात झाला. लग्न दिवाळीनंतर यवतमाळला, तुमच्या घरी व्हायचं होतं. मध्येच तुला डेंग्यू झाला आणि आठवड्याच्या आत तू गेलास. एवढीच आपली हकीकत. पण या मधल्या काळात मी तुझी कोण होते, हे या चंदीगडात, तुझ्या गावात किंवा माझ्या ऑफिसात कुणालाच सांगता येत नाही. तुला येत होतं. तू म्हणायचास, "तू माझी स्पॉन्सा."

पहिल्यांदा म्हणालास तेव्हा मला ते एखाद्या बिस्किटाचं नाव वाटलं होतं. लॅटिनमधला शब्द, जुन्या रोमन कायद्यातला. नुसत्या तोंडी शब्दानं माणूस कधी बांधला जातो, असा काहीतरी तुझ्या पीएचडीचा विषय होता. सेक्टर बावीसमधली ती तिसऱ्या मजल्यावरची खोली, खाली जुत्यांची आणि रजयांची दुकानं, बस स्टँडकडे जाणाऱ्या रिक्षांचा गोंधळ, आणि वर तू, हजारो वर्षांपूर्वी मेलेली माणसं एकमेकांना काय कबूल करत होती ते वाचत बसलेला. मी आयटी पार्कमधून सुटून यायचे, तू चहा टाकायचास आणि आपलं भांडण सुरू व्हायचं. प्रेमाचं बोलायला आपल्याला कधी फारसं जमलं नाही. भांडायला मात्र छान जमायचं.

"स्पॉन्सा म्हणजे जिच्याबद्दल वचन दिलं गेलंय ती मुलगी," तू समजावून सांगितलंस. "मुलाकडचा माणूस मुलीच्या बापाला विचारणार, देण्याचं वचन देतोस का? बाप म्हणणार, देतो. झालं काम."

"आणि मुलगी?"

"मुलीला कोण विचारून राहिलं?" तू रंगात आलास की तुझं यवतमाळ बाहेर पडायचं. "पुढं पुढं तिची संमती लागायला लागली, नाही असं नाही. पण ती गप्प बसली तर ती हो म्हणाली असं धरायचे."

"म्हणजे आपल्यासारखंच की."

तू हसलास. मी हसले नाही, कारण आपला साखरपुडा नुकताच झाला होता.

आठवतोय ना? मंडळाचा तो हॉल, पंखे गरगरतायत आणि घाम थांबत नाहीये. तुझे काका सगळ्या यवतमाळकरांना घेऊन आले होते आणि एवढ्या लांब आलोच आहोत तर म्हणून वैष्णोदेवीचंही तिकीट काढून आले होते, त्यामुळे मुहूर्तापेक्षा त्यांचं लक्ष गाडीच्या वेळेवर होतं. गुरुजी म्हणजे मंडळातले निवृत्त सुभेदार. ते मंत्रही कवायतीचा हुकूम दिल्यासारखे म्हणायचे. तुझे बाबा नाहीत म्हणून वाङ्निश्चयाला काका उभे राहिले. "तुमची मुलगी आमच्या सौरभसाठी मागतो," ते माझ्या बाबांना म्हणाले. "दिली," बाबा म्हणाले. मग नारळ, टिळा, एकमेकांना मिठ्या, पेढे. मी तिथंच पाटावर बसले होते, त्यांच्यापासून हातभर अंतरावर, नवी साडी नेसून. त्या सगळ्यात माझ्याशी बोलला तो एकटा फोटोवाला. "मॅडम, थोड़ा स्माइल."

या सगळ्यावर मी तुझ्याशी आठवडाभर भांडले. तुझं म्हणणं, तू फार मनाला लावून घेतेस. तुझं असंही म्हणणं की सही, शिक्का, दाखला ही सगळी नंतरची सोंगं आहेत, आधी माणसाकडं फक्त शब्द होता, आणि आपलं नातं नुसत्या शब्दावर उभं आहे यात तुला फार थोर काहीतरी दिसत होतं. मी म्हणाले, थोर असेल, पण शब्द कुणाचा? तुझ्या काकांचा आणि माझ्या बाबांचा. तुझा आणि माझा कुठाय त्यात? तू चहाचा कप हातात घेऊन बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत राहिलास आणि म्हणालास, "पॉइंट आहे. विचार करून सांगतो." सौरभ, तू अजून सांगितलेलं नाहीस. तुझ्याकडून ते उत्तर यायचं राहिलंय आणि त्यासाठी मी तुझ्यावर जाम चिडलेली आहे, हे नोंदवून ठेव.

खरं तर आपण दोघांनी एकमेकांना कधी विचारलंच नाही. मंडळाच्या गणपतीत आपण आरतीच्या रांगेत भेटलो, मग तुझ्याकडच्या चहाची सवय झाली, मग एकदा तुझ्या आईनं फोनवर माझ्याशी बोलून घेतलं, आणि पुढचं सगळं मोठ्यांनी उचललं. "माझ्याशी लग्न करशील का" हे वाक्य तू उच्चारलं नाहीस आणि मीही उच्चारलं नाही. आपल्याला वाटलं, त्यात काय विचारायचं? दिसतंय की.

दवाखान्यात दिसत नव्हतं. तुला तापात रिक्षात घालून मी नेलं. नाव, वय, ताप कधीपासून, कुठल्या औषधाची अॅलर्जी, सगळं मी सांगितलं. तुझ्या प्लेटलेट्स घसरल्या तेव्हा माझा गट जुळतो म्हणून त्यांनी मला खुर्चीवर झोपवून माझ्या काढून घेतल्या. तेव्हा कुणी विचारलं नाही की तू याची कोण. तुला आयसीयूत हलवल्यावर मात्र दारातल्या गार्डनं हात आडवा घातला.

"आप मरीज़ की क्या लगती हो जी?"

"मंगेतर."

"मंगेतर नहीं जी, फॅमिली. माँ-बाप, भाई, वाइफ."

मी त्याला अंगठी दाखवली. त्यानं बिचाऱ्यानं ती नीट बघितली आणि आतून विचारूनही आला. "मॅडम कह रही हैं, घरवाले आने दो." म्हणजे माझं रक्त तुझ्या अंगात जात होतं आणि मी दाराबाहेर बाकड्यावर. मी भांडले, सौरभ. मराठीत, हिंदीत, इंग्रजीत, येत नसलेल्या पंजाबीतसुद्धा भांडले. लोक बघायला लागले. तुझी आई आणि काका नागपूरहून विमानानं पोचले, आणि तुझ्या आईनं मला आत ढकललं तेव्हा तू ओळखण्याच्या पलीकडे गेला होतास. त्या मधल्या तासांत तू शुद्धीवर होतास, असं नर्सनं नंतर सांगितलं. तू कुणाला तरी हाक मारत होतास म्हणे. कुणाला, ते तिच्या लक्षात नाही. हे मी कुणालाच माफ करणार नाही.

मग ऑफिस. सुट्टी मागितली तर एचआरच्या मॅडम फार गोड आवाजात म्हणाल्या की पॉलिसीत पेरेंट, चाइल्ड आणि स्पाऊज आहे, फियान्से नाही, पण मी माझ्या हक्काच्या रजा वापरू शकते. स्पाऊज! तूच मला सांगितलं होतंस की हा शब्द स्पॉन्सापासूनच निघालाय. आधी तो शब्द दिलेल्यांचा होता, लग्न लागलेल्यांनी नंतर उचलला. आणि आता त्याच शब्दाचं दार करून मला बाहेर ठेवत होते. मी मॅडमना विचारलं, "तुम्हाला माहितीये का हा शब्द कुठून आला?" त्या म्हणाल्या, "सॉरी?" मी फोन ठेवला. तू असतास तर त्यांना अर्धा तास पिडलं असतंस. मला तेवढा दम नव्हता.

यवतमाळला मी पोचले तेव्हा तुमच्या बैठकीत सतरंजी अंथरलेली होती आणि सगळे तिच्यावर बसले होते. काकूंनी माझ्यासाठी आतून खुर्ची आणवली. मला वाटलं, प्रवासातून आलेय म्हणून असेल. मी खाली बसायला गेले तर त्या मागं सरकल्या. "आम्हाले शिवू नको बाळ, आम्हाले सुतक आहे. तुला नाही." मी उभीच राहिले. तुझं सुतक तुझ्या मुंबईच्या चुलतभावाला होतं, ज्यानं तुला मुंजीनंतर बघितलेलंही नव्हतं. तुझी औषधं, तुझा चष्म्याचा नंबर आणि तुझ्या न संपलेल्या प्रबंधातलं शेवटचं वाक्य ठाऊक असलेल्या मला नव्हतं. रोमन कायद्यातही नव्हतं म्हणा. एकमेकांसाठी ठरलेल्यांपैकी एक मेलं तर दुसऱ्यानं शोक पाळायची गरज नाही, असं तूच मला एकदा गंमत म्हणून सांगितलं होतंस. फार मोठी गंमत केलीस.

दुपारी काकू मला आत घेऊन गेल्या. साखरपुड्याची साडी आणि अंगठी परत देऊन टाक, म्हणाल्या, म्हणजे तू मोकळी. आवाजात कडवटपणा नव्हता, उलट माझ्यावर उपकार करतोय असाच भाव होता. मी म्हणाले, मला मोकळं व्हायचंय हे तुम्हाला कुणी सांगितलं? त्या म्हणाल्या, "अवं, तुझ्या भल्याचंच बोलून राहिली मी." माझं भलं, सौरभ! आजकाल ज्याला त्याला माझं भलं दिसतंय. मी अंगठीवर दुसरा हात ठेवून बसून राहिले.

तेवढ्यात तुझी आई आली. तिनं काय ऐकलं, किती ऐकलं, मला माहीत नाही. तिनं माझा हात धरला, सरळ शिवूनच, आणि ओढत बाहेर सतरंजीवर नेऊन आपल्याशेजारी बसवलं. "कोनं सांगतलं इले सुतक नाही म्हणून?" ती बैठकीला ऐकू जाईल असं म्हणाली. "माह्या पोराचं सुतक कोनाले आहे न् कोनाले नाही, ते मी सांगन." मी तिच्या खांद्याला टेकून तेव्हा पहिल्यांदा पोटभर रडले. तुझ्या आईचे माझ्यावर काय उपकार आहेत ते मला मोजता येणार नाहीत.

दहाव्याला आम्ही दोघी नदीवर गेलो. बायका येत नाहीत असं काका म्हणाले, तिनं ऐकलं नाही. पिंड ठेवले. समोरच्या बाभळीवर कावळे होते, पण खाली एकही उतरेना. तुला हे सगळं किती हास्यास्पद वाटलं असतं ते मला दिसत होतं. गुरुजी म्हणाले, काहीतरी इच्छा राहिलीय, शब्द द्या. मग एकेक जण हात जोडून पुढं झाला. काका म्हणाले, वहिनीची काळजी करू नको, मी आहे. कावळा हलला नाही. तुझा चुलतभाऊ म्हणाला, तुझा प्रबंध आम्ही छापून घेऊ. कावळ्यानं तिकडं बघितलंही नाही, आणि खरं सांगते, मला हसू आलं. ऊन चढत चाललं होतं. कुणीतरी काकांच्या कानाला लागलं. काकांनी वळून माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा हात जोडले.

"सौरभ, रेवतीची चिंता करू नको. वर्षाच्या आत तिचं चांगल्या घरी लगीन लावून देऊ. माझा शब्द आहे."

आणि कावळा शिवला.

सगळ्यांनी हुश्श केलं. "जीव अडकला होता पोरीत," कुणीतरी म्हणालं, आणि दहा दिवसांत पहिल्यांदा त्या सगळ्यांनी माझ्याकडं तुझं माणूस म्हणून बघितलं. कधी? माझी व्यवस्था लागल्यावर. मी तिथंच उभी होते, सौरभ, पुन्हा हातभर अंतरावर. पुन्हा काकांनी माझ्याबद्दल शब्द दिला होता. या वेळी समोर बाबाही नव्हते, कावळा होता. आणि मला कुणी विचारलं नाही.

तो कावळा भुकेला होता हे मला कळतं. तुझा यावर विश्वास नव्हता, माझाही नाही. तरी मी तिथं नदीकाठी मनातल्या मनात तुझ्यावर ओरडले. तू शिवलास? एवढ्यावर शिवलास? तू, ज्यानं "पॉइंट आहे" म्हणून चहा थंड केलास, तू काकांच्या शब्दावर खाली उतरलास? परतताना आईनं विचारलं, "काय झालं वं, इतकी कायले थरथरून राहिली?" मी म्हटलं, ऊन लागलं.

चंदीगडला परत आल्यावर तुझी खोली रिकामी करायची होती. खालच्या मजल्यावरच्या आंटीजींनी किल्ली माझ्या हातात दिली. मी म्हटलं, आंटीजी, त्यांच्या घरच्यांना विचारायला हवं. त्या माझ्याकडं मूर्ख पोरीकडं बघावं तशा बघायला लागल्या. "पुत्तर, तेरा ही तो है सब. होर कीहनूं देवां?" दुसऱ्या कुणाला देऊ, म्हणे. या बाईनं मला नातं विचारलं नाही, कागद विचारला नाही. तुझं भाडं, तुझा चहा, तुझ्या जिन्यावरच्या माझ्या येरझारा तिनं बघितल्या होत्या, तिला तेवढं पुरलं. मी तुझी पुस्तकं खोक्यांत भरली. त्यातली लॅटिनची मला वाचता येत नाहीत. तरी कुणाला देणार नाही.

तू मला खूप दिलंस, हेही रागाच्या भरात सांगायचं राहून जाईल. माझं अप्रेझल वाईट गेलं त्या दिवशी तू आयटी पार्कच्या बाहेर कठड्यावर माझ्याशेजारी बसून छोले-कुलचे खाल्लेस आणि एक शब्दही समजुतीचा बोलला नाहीस, फक्त माझ्या मॅनेजरला वऱ्हाडीत शिव्या घातल्यास. थंडीत धुकं उतरलं की मला माझ्या पीजीच्या दारापर्यंत चालत सोडायला यायचास आणि वाटेत कुठल्या तरी मेलेल्या रोमन माणसाची फजिती सांगायचास. माझ्याशी बरोबरीनं भांडायचास. मी जिंकले तर कबूल करायचास. असं कबूल करणारा माणूस मी घरात, ऑफिसात कुठंच पाहिला नव्हता.

परवा बाबांचा फोन आला. इकडची तिकडची चौकशी झाली, मग घसा खाकरून म्हणाले, "काकांनी एक स्थळ कळवलंय. मुलगा नागपूरचा, चांगला आहे म्हणतात. त्यांनी शब्द दिलाय ना गं नदीवर, तो त्यांना लागून राहिलाय. आणि काकूंनी अंगठीचंही विचारलंय."

माझा मग तोल गेला. इतके दिवस साठलेलं सगळं बाहेर पडलं. मी म्हणाले, बाबा, एकदा तुम्ही मला काकांना दिलीत. दुसऱ्यांदा काकांनी मला कावळ्याला दिली. आता तिसऱ्यांदा कुणाला द्यायचीय? तो मेला तेव्हा मी त्याची कुणी नव्हते. दारात उभं राहण्याइतकी नव्हते, सतरंजीवर बसण्याइतकी नव्हते. मग तुम्हा लोकांना माझ्याबद्दल शब्द द्यायचा अधिकार कुठून येतो? आणि अंगठी मी देणार नाही. कुणाला काय वाटायचं ते वाटू दे.

बाबांना मी उलटून बोललेलं आवडत नाही, तुला माहीत आहे. मला वाटलं, आता फोन माझ्या आईकडं जाणार.

"चुकलं आमचं, बाळा," बाबा म्हणाले. "साखरपुड्याच्या वेळीच विचारायला हवं होतं. आता विचारतो. तुला काय हवंय?"

सौरभ, या एका प्रश्नासाठी मी महिनाभर जगाशी भांडत होते. उत्तर माझ्याकडं तयार होतं. मला स्थळ नको. मला इथंच राहू द्या. लग्न करायचं की नाही, केलं तर कधी आणि कुणाशी, ते मी ठरवीन, आणि माझं सुतक कधी संपतं तेही मीच सांगीन. रोज बसमध्ये मी हे मनात घोकत होते. आणि तोंड उघडलं तेव्हा भलतंच बाहेर आलं.

"बाबा, मला सौरभ हवाय."

फोन दोघांपैकी कुणीच ठेवला नाही.